सन १९९० : तुमच्या घरापर्यंत पोचलेली जगाची बातमी

माळा आवरताना वडिलांचे जुने पारपत्र हाती लागले. त्यावर एकही शिक्का नाही, कारण ते काढले आणि जाणे राहून गेले. आतल्या पानावर मात्र, दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीमुळे, हे पारपत्र दक्षिण आफ्रिकेचे प्रजासत्ताक वगळून इतर सर्व देशांसाठी वैध असल्याची नोंद आहे. ११ फेब्रुवारी १९९० रोजी २७ वर्षांच्या कैदेनंतर नेल्सन मंडेला पत्नीचा हात धरून तुरुंगाबाहेर चालत आले, ते दृश्य दूरदर्शनच्या बातम्यांत पाहून वडिलांनी उठून कपाटातून हेच पारपत्र काढले होते आणि त्या ओळीवर बोट ठेवून आम्हा भावंडांना ती वाचून दाखवली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात मंडेला भारतात आले आणि त्यांना भारतरत्न देण्यात आले. वडिलांच्या लेखी मात्र खरी बातमी ती ओळ खोडली जाण्याची होती आणि ती यायला आणखी काही वर्षे जावी लागली.

त्यावरून हा धागा काढते आहे. १९९० साली जगात काय काय घडले याची यादी कोणत्याही वार्षिकीत मिळेल, ती येथे नको. त्यांतील एखादी घटना तुमच्या घरापर्यंत, खिशापर्यंत किंवा ताटापर्यंत कशी आली ते लिहावे. एक विनंती आहे. आखाती युद्ध जानेवारी १९९१ मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्यावरचे वाद येथे आणू नयेत.

*डोंबिवलीहून*

माझी धाकटी बहीण, मेहुणे आणि चार वर्षांची भाची कुवेतमध्ये सालमिया भागात राहत होती. २ ऑगस्टला गुरुवार होता. पहाटे इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि संध्याकाळपर्यंत आमच्या चाळीतील सगळ्यांना ते समजले, कारण शेजारच्या काकांकडे लघुलहरी लागणारा चांगला रेडिओ होता. दूरध्वनी लागत नव्हता, तार स्वीकारली जात होती पण पोचल्याचे कळत नव्हते. ७ ऑगस्टला मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली आणि वर्तमानपत्रांचे पहिले पान त्याने भरून गेले. ज्यांचे कोणी आखातात नव्हते त्यांना हे जाणवलेही नसेल, पण आम्ही रोज सकाळी अंक उघडून थेट आतल्या पानांकडे वळत असू.

१३ ऑगस्टपासून जॉर्डनमधील अम्मानहून मुंबईला एअर इंडियाची विमाने लोकांना आणू लागली. पुढे ५९ दिवसांत त्या मार्गावर ४८८ फेऱ्या झाल्या आणि एकूण सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परतले, हे आकडे आज अभिमानाने सांगितले जातात आणि सांगावेतही. तेव्हा मात्र मला रोज एकच आकडा हवा होता, तो तीनचा. दुसरी पाळी संपवून मी सहार विमानतळावर जात असे आणि कठड्याला टेकून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत असे, "सालमियाचे कोणी आहे का?" माझ्यासारखे शेकडो लोक फरवानिया, हवाली, फहाहील अशी नावे पुकारत उभे असत. कुवेत शहराचा नकाशा मला तेथे उभ्या उभ्या पाठ झाला.

बातमी अखेर आली ती कोट्टयमहून, साध्या आंतर्देशीय पत्रातून. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना मी आजतागायत भेटलेलो नाही. मोडक्या इंग्रजीत त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या : तुमची बहीण सुखरूप आहे, मूल सुखरूप आहे, ते बसऱ्याच्या बसमध्ये बसले, काळजी नसावी. खाली पत्ता होता, पण नाव वाचता येत नव्हते. मी आभाराचे पत्र त्या पत्त्यावर "महोदय" एवढ्याच मायन्याने पाठवले.

*नाशिकहून, वरील सभासदांची बहीण*

दादाने पत्राचे लिहिले आहे, म्हणून ते कसे गेले ते सांगते. आमच्या इमारतीतून जो कोणी निघेल त्याच्याजवळ उरलेले सगळे आपापल्या घरचे पत्ते देत. निघणारा तो कागद घडी करून बुटात किंवा मुलाच्या दप्तरात ठेवी आणि भारतात पोचल्यावर स्वतःच्या पैशाने एकेकाला पत्र टाकी. आम्ही निघालो तेव्हा माझ्याजवळ असे सतरा पत्ते होते. त्यांतील सोळा जणांना मी लिहिले. एका पत्त्यावर घाम लागून शाई पसरली होती आणि तो काही केल्या लागला नाही. ते मला अजून सलते.

दादाला डोंबिवलीत जेवढे ठाऊक होते तेवढे आम्हाला सालमियात ठाऊक नव्हते. पहिल्या सकाळी मोठा आवाज झाला तेव्हा मेहुण्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, वाटले की गच्चीवरचे वातानुकूलन यंत्र फुटले. ते तक्रार करायला राखणदाराकडे खाली गेले आणि रस्त्यावरचा रणगाडा पाहून परत आले. त्यानंतरचा महिना आम्ही जे जगलो त्याला बातमी म्हणता येणार नाही, तो निव्वळ हिशोब होता : तांदूळ किती उरला, रेडिओचे सेल किती उरले, पिण्याचे पाणी कशात भरले. नाक्यानाक्यावर सैनिक गाडी अडवत आणि आम्ही "हिंदी, हिंदी" म्हणत असू, कारण अरबीत भारतीयाला हिंदीच म्हणतात. एरवी मराठीच्या अभिमानापायी या शब्दावरून वाद घालणारे आमचे यजमान तो मोठ्या निष्ठेने उच्चारत होते.

प्रवास बसऱ्यावरून बगदाद, तेथून जॉर्डनच्या सीमेपर्यंत आणि मग अम्मान असा झाला. सीमेपलीकडच्या वाळवंटात तंबूंत आम्ही सहा दिवस होतो. दिवसा तंबूचे कापड हाताला लावता येत नव्हते आणि रात्री थंडी वाजे. पाण्याच्या आणि खुबूसच्या, म्हणजे अरबी रोटीच्या, गाडीमागे माणसे धावत, आणि मीही धावले आहे. घरातून निघताना सोने कुठे लपवायचे याची चर्चा चार दिवस चालली होती, पण त्या तंबूत उपयोगाला आली ती आईने दिलेली मेतकुटाची बरणी. कोरड्या खुबूसला पाण्याचा हात लावून त्यावर मेतकूट भुरभुरले की भाची, म्हणजे दादाची भाची, मुकाट्याने खाई. शेजारच्या तंबूतल्या तेलुगू बाईंनी तिसऱ्या दिवशी त्या पिठाचे नाव विचारून ते पाठ केले.

माझ्याजवळ पाचशे चाळीस कुवेती दिनार होते. जुलैत एका दिनाराला साठाच्या आसपास रुपये येत असत. सप्टेंबरात मुंबईतल्या एका बँकेत त्या नोटा खिडकीतून आत सरकवल्या, तेव्हा आतल्या माणसाने त्या मोजल्याही नाहीत, तशाच परत सरकवल्या. चार वर्षांची बचत मी पुन्हा पर्समध्ये ठेवली आणि बसचे पैसे दादाकडून घेतले.

*पूर्वी ड्रेस्डेन, सध्या ठाणे*

वरच्या ताईंच्या नोटा वाचून मला माझ्या नोटा आठवल्या, मात्र आमच्याकडे तोच प्रकार वेळापत्रक लावून झाला.

मी १९८७ पासून पूर्व जर्मनीत ड्रेस्डेन येथे संशोधन करत होतो. बर्लिनची भिंत नोव्हेंबर १९८९ मध्ये पडली हे सगळ्यांच्या लक्षात असते, पण आमच्या शेजाऱ्यांसाठी खरा उलथापालथीचा दिवस १ जुलै १९९० हा होता, कारण त्या दिवशी पूर्वेचा मार्क संपला आणि पश्चिमेचा मार्क लागू झाला. प्रौढाला ४,००० मार्कांपर्यंत एकास एक असा दर होता, साठीच्या वरच्यांना ६,००० आणि लहान मुलांना २,००० पर्यंत, आणि त्यापुढे दोनास एक. नोटा थेट बदलून मिळत नव्हत्या, त्या आधी खात्यात भराव्या लागत. त्यामुळे जूनच्या अखेरीस बचत बँकेपुढे रांगा लागल्या आणि ज्या आजोबांनी आयुष्यभर गादीखाली पैसे ठेवले होते ते अचानक नातवंडांवर फार प्रेम करू लागले, कारण नातवंडांची मर्यादा रिकामी होती.

१ जुलैला रविवार होता. सोमवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो तर आदल्या शनिवारचे दुकान तेथे नव्हतेच. दारावरची पाटी तीच, गल्ल्यावरच्या बाई त्याच, पण फळ्यांवर पश्चिमेचे दही, पश्चिमेचा साबण, पश्चिमेची कॉफी. मला माझे नेहमीचे दूध हवे होते. ते दूध देणाऱ्या गाई अर्थातच अजून शहराबाहेर चरत होत्या, पण ते दूध कोणी ठेवत नव्हते. बाईंनी मला सुट्टे परत दिले त्यांत पूर्वेची ॲल्युमिनियमची दहा फेनिगची नाणी होती. पश्चिमेची नाणी पुरेशी नव्हती म्हणून ५० फेनिगपर्यंतची जुनी नाणी पुढे वर्षभर चालू ठेवली होती. फुंकर मारली तर घरंगळतील इतकी ती हलकी असत. कार्ल मार्क्सचे चित्र असलेली शंभराची नोट गेली आणि नाणी मागे राहिली. पुढे त्या साऱ्या नोटा हाल्बरश्टाटजवळच्या डोंगरातल्या भुयारात पुरण्यात आल्या.

३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक झाले, त्या मध्यरात्री फटाके वाजले. आमच्या वसतिगृहासमोरच्या इमारतीत व्हिएतनामी कामगार राहत असत. त्यांचे कारखान्यांशी असलेले करार त्या वर्षी एकामागून एक रद्द झाले आणि कित्येकांना माघारी पाठवण्यात आले. त्या रात्री त्यांच्या खिडक्यांत दिवे होते, पण रस्त्यावर कोणी उतरले नव्हते. मीही उतरलो नाही. जर्मन मित्रांनी नंतर विचारले तेव्हा सर्दीचे कारण सांगितले.

*पूर्वी लुसाका, सध्या सातारा*

धागा मंडेलांच्या सुटकेने सुरू झाला म्हणून माझी भर. झांबियात मी सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो. मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाचे परागंदा मुख्यालय लुसाकातच होते, त्यामुळे सुटकेनंतर मंडेला देशाबाहेर प्रथम आले ते आमच्या गावात, २७ फेब्रुवारीला. आम्ही मुलांना घेऊन विमानतळाच्या रस्त्यावर उभे होतो. राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांच्या हातात नेहमीचा पांढरा रुमाल होता. माझ्या खिशातल्या पारपत्रावर तीच "वगळून" असलेली ओळ होती, आणि वगळलेल्या देशाचा माणूस माझ्यापासून तीस पावलांवरून हात हलवत गेला.

मला खरे सांगायचे आहे ते चार महिन्यांनंतरचे. जूनमध्ये सरकारने मक्याच्या पिठाची किंमत एका फटक्यात दुपटीहून अधिक केली. झांबियात हे पीठ म्हणजे आपली भाकरी. त्याचा घट्ट न्शिमा दोन्ही वेळा शिजतो. दंगली झाल्या, माणसे मारली गेली, विद्यापीठ बंद झाले. ३० जूनच्या पहाटे रेडिओवर एका लष्करी अधिकाऱ्याने सत्ता ताब्यात घेतल्याची घोषणा केली. आमच्या शेजारणीने, म्हणजे शाळेतल्या कारकूनबाईंनी, न्शिमा ढवळायचा लाकडी हाता घेऊन अंगणात नाच केला. सकाळ उलटण्याआधीच बंड मोडल्याचे त्याच रेडिओने सांगितले. बाई हाता पदराआड धरावा तसा पाठीमागे धरून आमच्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही आज सकाळी मला पाहिले नाही." मी म्हणालो, "मी झोपलो होतो." फेब्रुवारीत ज्या यजमानाने मंडेलांना मिठी मारली होती त्या कौंडांना पुढच्या वर्षी मतदारांनी घरी पाठवले.

*कोल्हापूरहून*

८ जूनच्या रात्री साडेनऊला विश्वचषक फुटबॉलचा पहिला सामना लागला. आमच्या तालमीत पैजेला माणूस मिळत नव्हता, कारण सगळेच अर्जेंटिनाकडून. कॅमेरूनचे दोन गडी बाहेर काढले गेले, नऊ जण उरले आणि तरी ओमाम-बियिकच्या हेडरवर ते १–० जिंकले. त्यानंतर अडतीस वर्षांचा रॉजर मिला गोल करून कोपऱ्यावरच्या निशाणापाशी कंबर हलवू लागला आणि त्या हंगामात आमच्या पेठेतला एकही गोल त्या नाचाशिवाय झाला नाही. एकदा नाचता नाचता आमच्या फॉरवर्डने निशाणच मोडले, तेव्हा पंचांनी त्याला पिवळे कार्ड दाखवले.

*पुण्याहून*

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळासाठी हे वर्ष हिरमोडाचे होते. वसंतात ऑस्टिन धूमकेतूची हवा फार झाली आणि तो जेमतेम दिसला. एप्रिलमध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि जूनअखेर समजले की तिच्या २.४ मीटरच्या आरशाची कड केसाच्या पन्नासाव्या भागाइतकी चुकीची घासली गेली आहे. आम्ही स्वतः हाताने सहा इंची आरसा घासत होतो. नासाही चुकते म्हटल्यावर आमच्या गुरुजींनी आमचा आरसा तिसऱ्यांदा तपासायला लावला.

*दापोली तालुक्यातून*

आमच्या गावात पत्रे आणि पैसे दोन्ही आखातातून येत. अब्बा कुवेतमध्ये गाड्यांच्या गॅरेजमध्ये होते. मे महिन्यात ते सुट्टीवर येऊन घराचे जोते बांधून गेले, चिरा येऊन पडला आणि पावसाळ्याआधी चार थर उभे राहिले. दिवाळीनंतर पुढचे काम धरायचे ठरले होते. सप्टेंबरच्या अखेरीस अब्बा एसटीतून उतरले ते हातात फक्त प्लास्टिकची पिशवी घेऊन. अम्मीने त्यांच्यामागे सामान उतरवणाऱ्या हमालाची वाट पाहिली, मग आत जाऊन चहा ठेवला.

त्या ऑक्टोबरात पेट्रोलवर आखाती अधिभार बसला. अब्बा गावातल्या रिक्षा दुरुस्त करू लागले. उरलेला चिरा अंगणात रचलेला होता, त्यावर शेवाळ धरले, आमच्या कोंबड्या त्यात अंडी घालू लागल्या. मागणी करणारे अनेक आले, पण अम्मीने एकही दगड विकू दिला नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडे अर्ज भरले गेले. कुवेत सोडावे लागल्याबद्दल एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर होते आणि दुसरा कोणताही दावा न करणाऱ्याला चार हजार. अब्बांनी दुसरा दावा केला नाही, कारण गॅरेजमधल्या हत्यारांच्या पावत्या त्यांच्याजवळ नव्हत्या. पैसे अनेक वर्षांनी, हप्त्यांनी आले आणि भिंती तेव्हा वर चढल्या.

मागच्या भिंतीला आम्ही अजून गिलावा केलेला नाही. पाचव्या थरापासून चिऱ्याचा रंग वेगळा होता, तो आता पावसाने सगळीकडे सारखाच काळा पडला आहे. अम्मी मात्र अजूनही तेथे वाळत घातलेले कपडे काढताना नेमकी त्या सांध्यावर बोट ठेवून दाखवते.