गंधकाच्या बंदिस्त स्नानगृहात वास थांबला म्हणजे?
गंधकाच्या गरम झऱ्यावरच्या स्नानगृहाबद्दल ‘थोड्या वेळाने वास जातो, म्हणजे वायू विरला’ असं म्हटलं जातं; हे म्हणणं घातक आहे. अशा पाण्यातून निघणाऱ्या, सडक्या अंड्यासारखा वास असलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचं प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं; वायू तिथेच असतो. उघड्या कुंडावर फारशी भीती नाही, पण बंद खोलीत नक्कीच आहे.

हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. त्यामुळे नुसता छताजवळचा झरोका पुरत नाही, एक झरोका फरशीच्या पातळीला हवाच. जपानमध्ये अशा गंधकी स्नानगृहांसाठी सरकारी निकषच आहेत: टाकीतल्या पाण्याची पातळी फरशीपेक्षा उंच, पाण्यावर 10 सेंटिमीटरला 20 पीपीएम आणि फरशीपासून 70 सेंटिमीटरला 10 पीपीएम ही कमाल मर्यादा. बर्फाने खालचा झरोका बुजला तर आधी तो मोकळा करायचा, मगच आत जायचं.