शब्दचर्चा: ‘सामरिक’ भागीदारी बिगर-लष्करी कशी?

अनुवादी
मंडळी, अडलंय. एका दिवाळी अंकासाठी आग्नेय आशियावरच्या लेखाचं भाषांतर करतोय. त्यात चीन आणि आसियान (आग्नेय आशियाई देशांची संघटना) यांच्या 2003 च्या संयुक्त घोषणापत्राचा मजकूर आलाय, 8 ऑक्टोबरला बालीत सह्या झाल्या तो. शीर्षकातल्या ‘स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप’ला मी हात सरावल्यासारखं लिहिलं, ‘शांतता आणि समृद्धीसाठी सामरिक भागीदारी’. आत मात्र घोषणापत्र म्हणतं की ही भागीदारी कुणा गटाशी बांधलेली नाही, लष्करी नाही आणि तिसऱ्या कुणाशी मैत्री करायला आड येणारी नाही. म्हणजे माझं वाक्य झालं, ‘ही सामरिक भागीदारी बिगर-लष्करी आहे’. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीनं लिहून परत पाठवलं: ‘बिनसाखरेचा शिरा?’
‘धोरणात्मक’ घालावं, तर पुढे पॉलिसीच्या समन्वयावर अख्खं प्रकरण आहे. ‘धोरणात्मक भागीदारीतील धोरणात्मक समन्वय’ टाइप करतानाच मला जांभई आली. गुरुवारी द्यायचंय.

गवतीचहा
व्यूहात्मक. विषय संपला.
(बिनसाखरेच्या शिऱ्याला तिखटामिठाचा सांजा म्हणतात, असं बाईंना कळवा.)

पाटीपेन्सिल
संपला कसा? समर म्हणजे युद्ध, तसा व्यूह तरी कुठे भजनी मंडळातला आहे? चक्रव्यूह, गरुडव्यूह, सगळे कुरुक्षेत्रावरचे. अभिमन्यूला आत शिरता आलं, बाहेर येता आलं नाही. दक्षिण चीन समुद्रातल्या वाटाघाटींना हे वर्णन अगदीच गैरलागू नाही म्हणा. 2002 मध्ये कंबोडियात, नॉम पेन्हला, चीन आणि आसियानचं त्या समुद्रातल्या वर्तनाविषयीचं घोषणापत्र झालं, त्यातून आचारसंहिता निघायची होती, तिची वाटच पाहतोय. पण अनुवादकानं शब्दातून टोमणा मारू नये.

गवतीचहा
व्यूहाचा मूळ अर्थ मांडणी. वि + ऊह. पांचरात्र या वैष्णव मतात वासुदेव, संकर्षण, प्रद्युम्न, अनिरुद्ध यांचा चतुर्व्यूह आहे, तिथे कोण कुणाशी लढतंय? लढाईचा वास आपण महाभारत बघून लावला.

रात्रपाळी
‘सामरिक’ मराठीत कसा बोकाळला ते आमच्या टेबलापुरतं सांगतो. मी उपसंपादक होतो तेव्हा आमचे वृत्तसंपादक ‘व्यूहरचनात्मक’ लिहायला लावत. दोन कॉलमी मथळ्यात तो शब्द बसवून दाखवा! शेजारच्या टेबलावर हिंदी तारा यायच्या, त्यात ‘सामरिक’ तयार होता, आटोपशीर चार अक्षरं. समरबिमर कुणी पाहिलं नाही. रात्री साडेबाराला मथळा बसला की शब्द बरोबर.

मायबोलीप्रेमी
हीच ती वृत्ती. हिंदीतून उचला, इंग्रजीतून उचला. महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? मुळात ‘भागीदारी’ तरी कुठे शुद्ध आहे? ‘भाग’ संस्कृत आणि ‘दार’ फारसी. धड ना इकडचा ना तिकडचा. ‘दूरनीतिसख्य’ असा शब्द करावा. एकदा रुळला की कुणाला खटकणार नाही.

रात्रपाळी
दूरनीतिसख्य! मथळ्याचे तीन कॉलम गेले.
आणि शुद्धच हवं असेल तर आधी ‘करार’ सोडा, तो अरबी. ‘मुत्सद्दी’ही सोडा. मोगलांच्या अमलात सुरत बंदराच्या बड्या अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत. आज तो परराष्ट्र खात्यात बसतो आणि आपल्याला अस्सल मराठी वाटतो.

मायबोलीप्रेमी
चोरी जुनी झाली म्हणून सावकारी होत नाही.

तांबडाभात
सिंगापुरात अकरा वर्षं काढली, दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गात चिनी शिकले. आपल्याला इथे जे खटकतंय ते चिन्यांना खटकत नाही. त्यांच्या ‘झान-ल्युए’मधलं पहिलं अक्षर लढाईचंच. तरी आमच्या ऑफिसात शाम्पूच्या बाटल्या कुठल्या दुकानात ठेवायच्या यालाही झान-ल्युए म्हणत. घोषणापत्रात भागीदारीला तोच शब्द आहे. ‘लष्करी’ला मात्र वेगळा शब्द आहे, फौजेचा. म्हणजे ‘सामरिक, पण बिगर-लष्करी’ हीच तिथली रचना. अनुवादीभाऊ, तुमचं पहिलं वाक्य चिनीतून आल्यासारखं बरोबर होतं!
आणखी एक गंमत. भागीदाराला ते ‘हुओ-बान’ म्हणतात. जुन्या लिखाणात यातलं ‘हुओ’ आगीच्या अक्षरानं लिहिलेलं सापडतं. एका चुलीवर जेवणारे शिपाई ते हुओ-बान. म्हणजे ‘भागीदार’सुद्धा छावणीतूनच आला.

पाटीपेन्सिल
चुलीचं आवडलं. फक्त भाजी कुणी आणायची आणि पहिलं कोण वाढून घेणार, हे आसियानवाल्यांना विचारा.

बांधावरचा
तुमी लोक पुस्तकं उघडून बसलाय. आमच्याकडं याला सावड म्हणतात. एक बैल तुझा, एक माझा, जोडी झाली. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. करार नाही, कागद नाही, आणि बैल दुसऱ्याबरोबर जुंपायला मनाई नाही. तुमच्या घोषणापत्रातल्या तिन्ही अटी बसल्या का नाही?

गवतीचहा
दादा, कल्पना झकास. पण आमच्याकडे सावडणं तिसऱ्या दिवशी स्मशानात असतं. ‘चीन-आसियान सावड’ वाचून मी आधी अस्थिकलश शोधीन.

बांधावरचा
नाव एक असलं म्हणून काम एक होतं काय? शहरात बैल नाहीत, मग तेवढंच सावडणं उरलं.

शेवग्याचीशेंग
‘धोरणात्मक’वर सगळ्यांनी फुली मारली, त्याचं वाईट वाटलं. माझी आजी शेजारणीबद्दल म्हणायची, ‘भारी धोरणी बाई’. त्या शेजारणीची पॉलिसी आयुर्विम्याची असेल तेवढीच. धोरणी म्हणजे चार पावलं पुढचं पाहणारी. लेकीच्या लग्नाचे तांदूळ दोन वर्षं आधी निवडून ठेवणारी. म्हणजे स्ट्रॅटेजिकचा अर्थ ‘धोरण’मध्ये आधीपासूनच होता. मंत्रालयानं पॉलिसीला तो शब्द जोडला आणि आजीच्या शेजारणीचा शब्द फायलीत गेला. परत मागून घ्यावा. पॉलिसीला तुम्ही दुसरं काही शोधा.

अनुवादी
काय शोधू? शासनाचं शैक्षणिक धोरण, उद्योग धोरण, सगळं तेच. आता ते मागे कोण देणार?
त्यात अजून एक काटा. लेखात 2002 चं दुसरं घोषणापत्रही आहे. चाचेगिरी, अमली पदार्थ, माणसांची तस्करी, सायबर गुन्हे असल्या धोक्यांसाठी एकत्र काम करायचं. मी ‘अपारंपरिक सुरक्षा’ लिहिलं, तर बाईंनी समासात गच्चीवरचं सौर पॅनेल काढून पाठवलंय.

रात्रपाळी
या बाई कोण आहेत? त्यांना इथे आणा.

पाटीपेन्सिल
‘लष्करी नाही’ या शब्दांनाच इतकं धरून बसू नका. 2018 च्या ऑक्टोबरात दक्षिण चीनमधल्या झानजियांगजवळ चीन आणि आसियानच्या नौदलांचा सराव झाला. 2021 मध्ये भागीदारीला ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हे बिरुद लागलं. 2022 मध्ये आसियान-भारत भागीदारीलाही तेच मिळालं. शब्द फुगत जातात. अनुवादकानं प्रत्येक फुग्याला मराठी दोरी बांधायची का?

मायबोलीप्रेमी
‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ला ‘सर्वंकष’. ‘सर्वसमावेशक’ लिहिणाऱ्यांचा निषेध.

गवतीचहा
‘कष्’ म्हणजे घासणं, खरवडणं. सर्वंकष म्हणजे सगळं खरवडून नेणारी भागीदारी. पाटीपेन्सिल खूश होतील.

पाटीपेन्सिल
टोमणा मारू नये म्हटलं होतं. पण हा शब्दकोशानंच मारला.

तांबडाभात
बांधावरचा दादा, सावड आणि इर्जिक एकच का? माझे आजोबा इर्जिक म्हणायचे, त्यात जेवण असायचं एवढंच आठवतं.

बांधावरचा
नाही. सावडीत फेड असते, तू आलास तर मी येणार. इर्जिकीत गाव आपापले बैल घेऊन येतं, मालक फक्त जेवायला घालतो. फेड नाही.

अनुवादी
गुरुवार उलटला. शीर्षकात देवनागरीत ‘स्ट्रॅटेजिक’ ठेवून पाठवून दिलं. बाईंनी काही काढलं नाही, नुसतं बरोबरचं चिन्ह केलं. तेच जास्त लागलं.

मायबोलीप्रेमी
निषेध.

तांबडाभात
इर्जिकीत जेवायला काय असायचं? आजोबांच्या सांगण्यात पुरणपोळी होती, पण आमची आत्या म्हणते मटण.

बांधावरचा
मालक कोण आहे त्यावर.