‘स्थाननिष्ठा’ की ‘जागा धरून राहणे’?

मूळ प्रश्न
कॅरिबियन समुद्रातील लिटल केमन बेटाजवळच्या नासाऊ ग्रुपर माशांवरील लेख मी मराठीत आणत आहे. माशाच्या पोटात ध्वनिसंकेत देणारी नळी शस्त्रक्रियेने बसवतात आणि प्रवाळभित्तीवर ठेवलेली यंत्रे जवळून जाणाऱ्या माशाचा क्रमांक व वेळ नोंदवतात. त्यातून जी ‘साइट फिडेलिटी’ (मासा आपल्याच जागी किती राहतो वा तेथे परततो) मोजली जाते, तिला मी ‘स्थाननिष्ठा’ म्हटले. निष्ठा माणसाची असते, असे सांगून संपादकांनी तो शब्द खोडला. पर्याय सुचवावा.

प्रतिसाद १
‘जागा धरून राहणे’ असे सरळ लिहावे. आपला हेकरू याच ग्रुपरांच्या कुळातला. मालवणकडचे माझे मामा ‘हेकरू कपार धरून असतो’ असे म्हणत. असा रुळलेला प्रयोग असताना संस्कृत जोडशब्द कशाला हवा?

प्रतिसाद २
मामांना त्या कपारीत दरवेळी हेकरू मिळाला असेल. पण तो तोच होता की रिकाम्या जागी आलेला दुसरा, हे खूण केल्याविना कळत नाही. शिवाय नासाऊ ग्रुपर जागा सोडतो. हिवाळी पौर्णिमांच्या सुमारास हे मासे बेटाच्या पश्चिम टोकाला अंडी घालण्यासाठी जमतात (तेथे २००३ मध्ये मासेमारीवर बंदी आली) आणि नंतर आपापल्या खडकाकडे परततात. राहणे आणि परतणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘निष्ठा’ हा शब्दही ‘नि’ आणि ‘स्था’ यांपासून झाला आहे. त्याच्या मुळाशी ठाम उभे राहणेच आहे, सद्गुणाचा अर्थ नंतरचा.

प्रतिसाद ३
व्युत्पत्तीवरून आजचा वापर ठरत नाही. ‘स्वामिनिष्ठा’ आणि ‘पक्षनिष्ठा’ वाचणाऱ्याला माशाने वचन पाळल्यासारखे वाटेल. आपण ‘ट्रॅकिंग’साठी काय योजले आहे?

मूळ प्रश्नकर्ता
‘माग काढणे’.

प्रतिसाद १
मला तो शब्द अधिक खटकतो. ‘माग’ हा ‘मार्ग’वरून आला, माग काढणारा उमटलेल्या पावलांमागून चालत जातो. येथे यंत्र एका जागी थांबलेले असते आणि मासा त्याच्यापाशी येतो. ही ‘पाळत’ झाली.

प्रतिसाद २
पाळतीत संशय असतो, आणि या माशांवर कोणाचा संशय नाही. अनेक यंत्रांवरील नोंदी जोडून माशाची वाट उभी करतात, म्हणून ‘माग’च योग्य.

मूळ प्रश्नकर्ता
तूर्त ‘माग’ ठेवतो. ‘स्थाननिष्ठे’च्या जागी मात्र अजून कोरी ओळ आहे.