जुन्या लॅपटॉपला रॅम ८ जीबी करू की १६?

रातराणी: २०१५चा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १०. क्रोममधे सात-आठ टॅब आणि त्यात पोरीचा झूम क्लास चालू असला की माऊससुद्धा अडकत अडकत सरकतो. दुकानदार म्हणतो १६च टाका, मला वाटतं ८ पुरे. काय करू?

खटपट्या: आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधे मेमरी बघा, किती स्लॉट (रॅम बसवायच्या खाचा) भरलेत ते तिथेच दिसतं. आणि विंडोज ३२ बिट असेल तर ४च्या वर रॅम टाकून शून्य उपयोग.

जुनंखोड: जुन्या रॅमवरचं स्टिकर वाचा हो आधी! माझ्यात १.३५ व्होल्टवाली डीडीआर३एल (कमी व्होल्टवर चालणारा रॅमचा प्रकार) होती, मी शहाण्याने घाईत १.५वाली आणली, लॅपटॉप चालूच होईना, स्क्रीन काळी ठिक्कर. डीडीआर४ (त्यापुढची नवी रॅम) तर खाचेत बसतच नाही. तुमच्या कामाला ८ रग्गड, उरलेल्या पैशात एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या, जुनी हार्डडिस्क असेल तर खरी रड तिचीच असते.

रातराणी: बघितलं, ६४ बिट आहे, एक स्लॉट रिकामा. मग अजून एक ४ची टाकते. स्टिकरचा फोटो काढूनच दुकानात जाते आता 😄