क्वांटम रँडम चिपचे बिट सगळ्या चाचण्या पास होतात. एवढ्यावर गुप्त की (किल्ली) बनवावी का?

फर्मवेअरकर:
बॅटरीवर चालणाऱ्या एका छोट्या उपकरणाचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) लिहितोय. पहिल्यांदा चालू होताच त्याने स्वतःची खाजगी की तयार करायची आहे. त्या क्षणी ना कीबोर्ड, ना डिस्क, ना नेटवर्क, त्यामुळे एंट्रॉपी, म्हणजे कुणाला ओळखता न येणारी यादृच्छिकता, आणायची कुठून? म्हणून क्वांटम रँडम नंबरची चिप लावायचं चाललंय. नमुना चिपचे बिट एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-२२ संचातल्या सगळ्या सांख्यिकी चाचण्या पास झाले. तेवढं पुरे का? आणि आत खरंच क्वांटम काही घडतंय हे बाहेरून कळतं का?

बूटलोडर:
काळजी योग्य जागी आहे. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या आरएसए की (दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभ्या असलेल्या) गोळा केल्या, तेव्हा कितीतरी राउटर आणि फायरवॉलच्या कींमध्ये एक मूळ संख्या सामाईक निघाली. दोन कींचा मसावि काढला की दोन्ही फुटतात. कारण हेच, पहिल्या बूटला एंट्रॉपी नव्हती. पण त्यावर क्वांटमच हवं असं नाही. मायक्रोकंट्रोलरमध्ये हार्डवेअर आरएनजी (यादृच्छिक आकडे देणारा भाग) असेल तर आधी तो नीट वापरा.

फोटॉनमोजणी:
मी ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये एकेक फोटॉन मोजण्याचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

८००-२२ पास होणं म्हणजे आकड्यांत साचा सापडला नाही, इतकंच. ते आकडे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाहीत, हे ती चाचणी सांगूच शकत नाही. कारखान्यात ठरवलेली की घालून एईएस ही सांकेतीकरणाची पद्धत काउंटर मोडमध्ये (१, २, ३ असे क्रमाने आकडे देत) चालवा, तेही बिट पास होतील. सुरक्षितता उगमात तपासावी लागते.

उगमाकडे पाहू. अर्धपारदर्शक आरशावर फोटॉन पडतो. पार गेला तर ०, परावर्तित झाला तर १. कागदावर पन्नास-पन्नास. टेबलावर मात्र दोन डिटेक्टरांची क्षमता कधीच तंतोतंत सारखी नसते. एक क्लिक झाली की डिटेक्टर काही काळ आंधळा होतो. अडकलेला विद्युतभार नंतर सुटला तर फोटॉन नसतानाही क्लिक येते, आणि तोच बिट पुन्हा पडतो. शिवाय डार्क काउंट, म्हणजे अंधारातही आपोआप येणाऱ्या क्लिक, आहेतच. खोली तापली की ते वाढताना मी स्क्रीनवर पाहते. अशी खोटी क्लिक आणि फोटॉनची क्लिक आउटपुटला सारखीच दिसते.

म्हणून प्रक्रियेआधीचे कच्चे बिट मागा. चिप आतच हॅश करून (बिट घुसळून ओळखू न येतील असे करून) देत असेल, तर प्रकाशाचा स्रोत बंद पडला तरी आउटपुट सुंदरच दिसेल. कच्च्या बिटांची मिन-एंट्रॉपी, म्हणजे सर्वांत वाईट धरलं तरी दर बिटात किती अनिश्चितता उरते ते, एनआयएसटीच्याच ८००-९०बी प्रमाणे काढा. ती दर बिटाला ०.८ आली, तर २५६ बिटांसाठी निदान ३२० कच्चे बिट लागतील. मी त्याहून बरेच जास्त घेईन.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माझ्या सर्वांत आवडीचा. बाहेरून कळण्याचा मार्ग आहे, भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलची असमानता. दोन गुंतलेल्या (क्वांटम दृष्ट्या एकमेकांशी जोडलेल्या) कणांच्या मोजमापांतला परस्परसंबंध बेलने १९६४ मध्ये दाखवलेली मर्यादा ओलांडत असेल, आणि मोजताना दोन्ही बाजूंना एकमेकींशी संपर्क साधता येत नसेल, तर ती उत्तरं आधीच ठरलेली असू शकत नाहीत, मग यंत्र कुणीही बनवलेलं असो. २०१० मध्ये साधारण मीटरभर अंतरावरच्या दोन यटर्बियम आयनांवर महिनाभर प्रयोग करून असे ४२ बिट मिळाले. २०१८ मध्ये एनआयएसटीने फोटॉन वापरून १०२४ मिळवले. बेचाळीस बिट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण त्यांच्या अनिश्चिततेची हमी भौतिकशास्त्र देतं, उत्पादक नाही! अर्थात हे चिपमध्ये मावत नाही. चिप घेतली की उत्पादकावरचा विश्वास आलाच.

फर्मवेअरकर:
उत्पादक म्हणतो कच्चे बिट मिळतील, पण फक्त तपासणीच्या मोडमध्ये. मग प्रत्यक्ष वापरात काय करू?

फोटॉनमोजणी:
मोड मिळतोय हे चांगलं आहे. उपकरण ज्या तापमानात चालणार त्याच्या दोन्ही टोकांना, आणि बॅटरी उतरत आलेली असताना, कच्चे बिट काढून मिन-एंट्रॉपी मोजा. सर्वांत कमी येईल तोच आकडा धरा. वापरात चिपचे बिट, मायक्रोकंट्रोलरच्या आरएनजीचे बिट आणि कारखान्यात प्रत्येक उपकरणात घातलेलं वेगळं गुपित, तिन्ही एकत्र हॅश करून त्यातून डीआरबीजीला (एका बीजापासून पुढचे यादृच्छिक बिट काढणाऱ्या प्रोग्रामला) सीड, म्हणजे ते बीज, द्या. स्रोत एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर एक जरी धड राहिला तरी की वाचते.

बूटलोडर:
आणि सुरुवातीची हेल्थ टेस्ट (स्रोत नीट चालतोय का ही तपासणी) फसली तर की बनवूच नका. दिवा लाल करा आणि थांबा.