‘घ’ म्हणजे ‘ग’ला जोडलेला ‘ह’ नव्हे
महाप्राण (‘ख’, ‘घ’ यांसारखे जास्त श्वास सोडून उच्चारायचे वर्ण) म्हणजे अल्पप्राणाला (‘क’, ‘ग’ यांसारख्या कमी श्वासाच्या वर्णाला) जोडलेला ‘ह’, असे म्हटले जाते. हे विधान ‘ख’पुरते एक वेळ चालेल, ‘घ’ला मात्र पुरत नाही. कार, खार, गार, घार हे शब्द कंठावर बोट ठेवून म्हणून पाहावेत: ‘ख’मध्ये श्वास आधी सुटतो आणि स्वरतंतूंचे कंपन उशिरा सुरू होते, तर ‘घ’मध्ये कंपन चालू असतानाच श्वास झिरपत राहतो. आपल्या बेळगावात कन्नड भाषकांच्या सहज बोलण्यात खानापूरचे ‘कानापूर’ आणि घटप्रभेचे ‘गटप्रभा’ पुष्कळदा ऐकू येते. त्याला अशुद्ध म्हणणे मला मुळीच पटत नाही. कन्नड लिपीत महाप्राण अक्षरे असली तरी ती मुख्यतः संस्कृतादी भाषांतून आलेल्या शब्दांत येतात, आणि देशी शब्दांत अर्थभेद प्रामुख्याने सघोष-अघोषावर, म्हणजे स्वरतंतूंचे कंपन असण्या-नसण्यावर, होतो (तमिळ लिपीत तर क, ख, ग, घ या चारही ध्वनींना एकच अक्षर आहे).