ए-४०२ची गाडी: लाल दिवा आणि हिरवा डाग

ए-४०२: मंडळी, काल साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर आमची मारुती ८०० बसली. आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग टेम्परेचरचा काटा पार वर. गेल्याच महिन्यात नवी बॅटरी टाकलीय! मेकॅनिक म्हणतोय डायनामो बदला आणि थर्मोस्टॅट काढून टाकू. दुसरा कोणी चांगला माणूस माहितीये का?

बी-१०३: भंगारवाला चालेल? 😄

ए-४०२: बाबांनी घेतलेली आहे हो, २००४ची. विकणार नाही.

सी-००२ (काका): माणूस नंतर शोध. दिवा आणि काटा पाठोपाठ आले ना? मग आधी बेल्ट बघ. तुझ्या गाडीत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा, मेकॅनिकच्या भाषेत डायनामो) आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. तो घसरला की चार्जिंगही गेलं आणि पाणी फिरणंही मंदावलं. चालू करताना चीं चीं करते का?

ए-४०२: हो काका, सकाळी करते. हेडलाइट लावला की पण.

बी-२०३: अच्छा, तुमची गाडी होय! मी लिफ्टवाल्याला दोनदा बोलावलं.

सी-००२ (काका): बॅटरीला मीटर लावून व्होल्टचे आकडे टाक.

ए-४०२: बंद असताना १२.५. चालू केल्यावर १३.९. हेडलाइट आणि ब्लोअर लावला की १२.३.

सी-००२ (काका): चालू केल्यावर आकडा वाढतोय, मग डायनामो जिवंत आहे. लोड आला की बेल्ट घसरतोय. आणि थर्मोस्टॅटला हात लावू देऊ नकोस, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आहे तो. तो काढला की इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त पितं. आमच्या वर्कशॉपमध्येही हा खुळा उपाय चालायचा.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे म्हणून. ए-४०२च्या पार्किंगमध्ये हिरवा डाग पडतोय. मी दोनदा मेसेज टाकला होता.

सी-००२ (काका): हिरवा?? हे आधी सांगायचं ना! कूलंट आहे ते, इंजिन गार ठेवणारं पाणी. पंपाचं सील गेलं असणार, गळून बेल्टवर उडतंय. इंजिन बंद आणि गार असताना पंपाची पुली धरून हलवून बघ. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, तोंड भाजेल.

ए-४०२: पुली चक्क डुगडुगतेय काका. बेल्ट ओला, आतून काचेसारखा गुळगुळीत.

सी-००२ (काका): पंप आणि बेल्ट दोन्ही नवे टाक. तो बेल्ट पुसून परत चढवू नकोस. नवा मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटीमीटर दबायला हवा. जास्त ताणलास तर नव्या पंपाचं बेअरिंग खाईल.

ए-४०२: म्हणजे जुनी बॅटरी चांगली होती?

सी-००२ (काका): चार्जच होत नव्हती बिचारी. कुठाय?

ए-४०२: एक्स्चेंजमध्ये दिली 🤦

बी-२०३: बॅटरी राहू द्या, आधी तो डाग पुसा. कूलंट मांजरं चाटतात, आणि विष असतं ते. खाली पिल्लं आहेत.

ए-४०२: भुसा घेऊन उतरतोच वहिनी.